न धुतलेला स्वेटर

मांजर माझं कधीच नव्हतं. ते हिचं. ही गेली आणि ते माझ्या गळ्यात पडलं. हिनं तिला महाराणी म्हणायला सुरुवात केली होती, आणि त्या बयेनं ते फार मनावर घेतलं होतं. माझ्या मांडीवर ती कधी बसली नाही, मीही कधी बोलावलं नाही. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे आम्ही राहत होतो.

मग अचानक बयेचं डोकं फिरलं. खाली माझी लाँड्री आणि वर आमच्या दोन खोल्या. सकाळी दुकानात उतरतो तर काय, बँकेतल्या साहेबांच्या पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्यावर ओलं! इस्त्री करून, घड्या घालून ठेवलेले शर्ट हो! ते पुन्हा धुतले, तर नर्सबाईंच्या गणवेशांवर. मग माझ्या गादीवर. आणि वर चोराच्या उलट्या बोंबा! करायचं ते करून वरच्या खोलीतल्या कपाटासमोर बसायची आणि असा गळा काढायची, की शेजारचा चष्मेवाला विचारायला आला, "काका, मारताय का तिला?"

"अजून नाही," मी म्हटलं.

रागावून पाहिलं, चुचकारून पाहिलं. दुकानाचं दार लावून घेतलं, तर तिनं कपाटाच्या दाराचा रंग खरवडून काढला. साहेबांनी कपडे टाकणं बंद केलं. म्हणाले, "वास येतो हो." वास! लोकांच्या कपड्यांतले वास घालवण्यात माझा उभा जन्म गेला. घाम, सिगरेट, तळणीचं तेल, एवढंच काय, भलत्याच बाईचं अत्तरसुद्धा. आणि मला सांगतात, वास येतो!

शेवटी मेहुणी म्हणाली, "भावोजी, तिला मला देऊन टाका. माझ्याकडे अंगण आहे. अशानं धंदा बसेल तुमचा." धाकटी असली तरी शहाणी आहे. रविवारी न्यायला येते म्हणाली, मीही हो म्हटलं. पण तिची पाठ वळली आणि मनात आलं, महाराणी गेली, तर या घरात निदान शिव्या द्यायला तरी कोण उरणार होतं?

म्हणून टोपलीत कोंबून तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत माझ्या हातांवर तिनं नक्षी काढली ती वेगळीच.

"आजार काही नाही," तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या. "घरात काही बदललं का?"

"बायको गेली."

"तेव्हापासून असं करते?"

"छे! तेव्हा गुमान होती. हिच्या खुर्चीवर झोपून असायची दिवसभर."

"मग ती खुर्ची काढलीत?"

"खुर्ची आहे तिथंच आहे."

"आणि खुर्चीवर काय होतं?"

मी तिला पुन्हा टोपलीत घातलं.

स्वेटर होता. हिचा, राखाडी, कोपरावर रफू केलेला. ही गेल्यावर मी हिचे सगळे कपडे धुतले, इस्त्री केली आणि वाटून टाकले. हा एवढा एक धुववला नाही. खुर्चीवर पडला होता, तसाच राहू दिला. येता-जाता उचलून नाकाला लावायचो. केसांचं तेल, जरासा साबण, आणि ज्याला काही नाव नाही असा हिचा वास. पण तो विरळ व्हायला लागला, वर त्या बयेचे केस. मी धसकाच घेतला. वास कसा उडतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? एका दुपारी केस झटकले, स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घातला, घट्ट गाठ मारली आणि कपाटात ठेवून दिला. पुन्हा उघडला नाही. उघडला की उडणार. आत आहे, एवढं मला पुरे होतं.

घरी आलो. महाराणी टोपलीतून निघाली ती थेट कपाटापुढे, आणि पुन्हा तेच ओरडणं.

"अगं, तुझी एकटीचीच गेली का ती?" मी ओरडलो. "माझी कोणी नव्हती?"

हे मी मेहुणीसमोर बोललो नव्हतो, कुणासमोरच नाही. बोललो ते मांजरापुढे.

मग कपाट उघडलं. गाठ सुटेना, कात्रीनं कापली. डोळे मिटून पिशवीत तोंड खुपसलं.

प्लास्टिकचा वास आला. कोंदट, दमट. लोकर प्लास्टिकमध्ये कोंडू नका, असं मी गिऱ्हाइकांना उठता-बसता सांगतो. पुन्हा हुंगलं. गळा, काखा, बाह्या, सगळं उलटंपालटं करून हुंगलं. ही कुठंच नव्हती.

मी तिथंच फरशीवर बसकण मारली. स्वेटर हातातून गळून पडला. महाराणी जवळ आली. खालपासून सावकाश हुंगत हुंगत गळ्यापाशी पोचली आणि थांबली. पुढचे पंजे आळीपाळीनं दाबत, घुरघुरत तिथं बसली, हिच्या मांडीवर बसायची तशी.

तिला सापडली होती.

स्वेटर पुन्हा खुर्चीवर गेला. रविवारी मेहुणीला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं. कपडे आता कोरडे असतात. साहेब अजून आलेले नाहीत, येईनात का! दुकान बंद करून वर आलो, की मी त्या खुर्चीशेजारी खाली बसतो आणि मानापमान गिळून विचारतो, "आहे का गं अजून?"

ती डोळे मिटून पंजे दाबत असते. म्हणजे आहे.