निळा हाय

"मार हँडल," मोटारीच्या मागे उकिडवे बसत गनीमिस्त्री म्हणाले.

गोविंदा ड्रायव्हरनं बाह्या सरसावल्या आणि मोटारीच्या तोंडात लोखंडी हँडल घातलं. बासष्टच्या डिसेंबरातली थंडी होती आणि मोटार रात्रभर मिस्त्रींच्या टपरीपुढे उघड्यावर उभी होती. तशी त्यांची अटच असे. गरम इंजिन गोड बोलतं, खरं बोलतं ते सकाळचं गार पडलेलं, असं ते म्हणत. त्या पहिल्या धुरावरून दुखणं ओळखणारा माणूस बाभुळगावात एकच आहे, असंही तेच म्हणत. पण ते खोटं नव्हतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल वाया जातंय, पांढरा रेंगाळला तर पाणी आत शिरलंय. एवढं कुणीही पाठ करील. मिस्त्रींना निळ्यातसुद्धा पिस्टनच्या रिंगांचा निळा वेगळा दिसे आणि व्हॉल्वचा वेगळा.

आज मात्र बघे जमले होते ते निराळ्या कारणानं. शाल पांघरून बाजूला उभ्या असलेल्या भगवानरावांनी आपल्या मोटारीचं इंजिन यवतमाळला नव्यानं बांधून घेतलं होतं आणि पारखायला मिस्त्रींकडे आणलं होतं. ते बांधणारा होता शब्बीर, मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा.

तीन वर्षांपूर्वी याच टपरीत, चार गिऱ्हाइकांसमोर शब्बीर म्हणाला होता, "अब्बा, नुसत्या धुरावर भागत नाही. इंजिन खोलून माप घ्या लागते."

"मंग जाय, जिथं मापं घेतेत तिथं," मिस्त्री म्हणाले, आणि पोरगा खरंच गेला. ईदला येई, आईजवळ बसे, बापाला सलाम करी आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत जाई. बाप तसा बेटा, दोघंही ताठ. मधल्या मधे आईची, जोहराबींची, गत अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली होती. मिस्त्रींनाही पोरगा घरी हवा होता. रात्री जेवताना त्याच्या रिकाम्या जागेकडे ते पाहत. पण तोंड उघडून त्याला बोलवायचं म्हटलं, की जबड्याला गंज चढे.

दुसऱ्याच फेऱ्यात इंजिन लागलं. सायलेन्सरमधून पांढरा लोट निघाला आणि भगवानराव दचकले.

"पांढरा हाय ना हो, मिस्त्री?"

"थंडीची वाफ हाय ते. तुमच्या तोंडातूनही निंगून राह्यली. तुमालेही खोला लागते काय?"

बघे हसले. वाफ विरून गेली. मिस्त्रींनी नाक पुढे नेलं.

"रेस कर. सोड. आता एकदम कर."

निळा यायचा असेल तर नेमका तेव्हाच येतो. आला नाही. मिस्त्रींनी सायलेन्सरपुढे पांढरं फडकं धरलं. ते जरासं ओलावलं, एवढंच. स्वतः बांधलेल्या इंजिनातही त्यांना कुठे ना कुठे पुसट निळी रेघ सापडत आली होती. इथे काहीच सापडेना. माझ्या पोरानं केलं हे, असं मनात आलं आणि त्यांचा ऊर भरून आला. डोळ्यांत पाणी आलं, आणि या खेपेला धुरालाही दोष देता येईना.

"काय मिस्त्री? पास?" भगवानरावांनी विचारलं.

मिस्त्री सावकाश उठले. फडक्याची घडी करत म्हणाले, "निळा हाय."

"मले तं काही दिसला नाही बा."

"तुमाले दिसला असता तं लोक माह्याकडं कायले आले असते?"

"मंग करा ना दुरुस्त तुमीच."

"दुसऱ्याच्या हातचं मी नाही उघडत. ज्यानं केलं त्यालेच बोलवा. जाय गोविंदा, यवतमाळची यष्टी आता लागन. अन् गाडी इथून हालाची नाही."

जोहराबी दारात उभ्या होत्या. संसारात त्यांनी नवऱ्याच्या पुष्कळ थापा ऐकल्या होत्या, पण धुराबद्दलची ही पहिलीच. त्या आत जाऊन चार मुठी जास्तीचे तांदूळ निवडायला बसल्या.

दुपारी शब्बीर आला तो चेहरा लाल करूनच. सलाम केला आणि हत्यारांची थैली जमिनीवर आपटली.

"निळा निंगूच शकत नाही, अब्बा. रिंगा मी सोता बसवल्या."

"मंग पाह्य."

गोविंदानं हँडल मारलं. शब्बीर बापाशेजारी उकिडवा बसला. इंजिन नुसतं घुमत राहिलं. सायलेन्सरमागची हवा इतकी स्वच्छ होती, की पलीकडच्या बाभळीचा काटा न् काटा दिसत होता. बोलायला म्हणून त्यानं बापाकडे मान वळवली. बाप सायलेन्सरकडे पाहतच नव्हता. तो पोराच्या काळ्या, चटके बसलेल्या बोटांकडे पाहत होता. शब्बीरनं उघडलेलं तोंड मिटलं.

"काय शब्बीरमियाँ? हाय का निळा?" भगवानराव जवळ आले.

शब्बीरनं त्या स्वच्छ हवेकडे एकदा पाहिलं.

"हाय," तो म्हणाला. "अब्बाले दिसला म्हंजे हायच. माहीच कसर राह्यली. दोन-चार रोज लागतीन. मी राह्यतो इथंच."

बघ्यांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "बाप तो बापच." मिस्त्रींना ते सुईसारखं टोचलं.

"कसर?" ते ताडकन उठले. "कोनाच्या कामात कसर? भगवानराव, घेऊन जा तुमची गाडी. निळा नाही, काळा नाही, काही नाही. सकाळी मी खोटं बोललो."

"अन् ते काहून?"

"ते मी पाह्यन. पन हे काम माह्या पोराचं हाय. मले जिंदगीत असं जमलं नाही. साऱ्याइनं आयकून घ्या."

भगवानराव कधी बापाकडे तर कधी पोराकडे पाहत राहिले. मग काही उमगल्यासारखे हसले आणि मोटारीत जाऊन बसले. मोटार फाट्याकडे वळून दिसेनाशी झाली. धूळ उडाली तेवढीच. बघेही पांगले.

शब्बीर उठला, हत्यारांची थैली खांद्याला लावली आणि तसाच घुटमळत उभा राहिला. मोटार गेली, काम संपलं. आता कुठल्या निमित्तानं थांबायचं, ते त्याला कळेना.

मिस्त्री पाठमोरे होऊन हात पुसत होते.

"दोन-चार रोज म्हनला होता तू," ते म्हणाले. "गाडी गेली म्हनून आता शब्द फिरवतं काय?"