वाळूवर टेकलेल्या होड्या

मुश्ताक हे लिहून ठेवणारच नव्हता. गोष्ट जहूरची, त्याने हो म्हटलं तेव्हा कुठे कागद काढला.

दुबईत, देऱ्याच्या खाडीवर, धक्क्याच्या पायरीवर बसून जहूर शेरी माशाची खवलं काढत होता आणि फ्रान्स सांगत होता.

"छपरं अशीच. काळ्या दगडाची, खवल्यावर खवलं."

जहूर एका फ्रेंच इंजिनियरकडे खानसामा. सदुसष्टच्या उन्हाळ्यात साहेब रजेवर गेला तो यालाही घेऊन गेला. ल्वार नावाच्या नदीकाठी साहेबाचं घर, आणि आसपास एकाहून एक देखणी जुनी गावं. आंब्वाज, ब्ल्वा, सोम्यूर. जहूर ही नावं गरम घास तोंडात फिरवावा तशी घ्यायचा. परत येऊन आठवडा झाला होता.

मुश्ताक शेजारी बसून कांदा चिरत होता आणि जहूरचा शब्द न् शब्द पारखत होता. उद्या त्यांच्या गावचे मुनीरचाचा स्टीमरने मुंबईला आणि तिथून गावी निघणार होते. बिलकीसचं जहूरशी जमवायचं की नाही, तो निरोप मुश्ताकने त्यांच्याकडे द्यायचा होता. जहूर दोस्त खरा, पण बिलकीस सख्खी बहीण. आणि बाजारात कुणीतरी पुडी सोडली होती, की कसलं फ्रान्स, हा मुंबईतच होता, डोंगरीत घर मांडून बसलाय. पासपोर्ट बघावा तर तो साहेबाच्या कपाटात.

"महालात आत काय होतं?" मुश्ताकने सहज विचारल्यासारखं केलं.

जहूरने सुरी पाण्यात बुडवली. "झुंबरं. खुर्च्या. महालात असतं ते."

"जिना?"

"मोठा."

खिडक्यांतली लाल फुलं, पाव काखेत मारून चाललेल्या बायका, पांढऱ्या दगडाच्या भिंतीवर पडणारं ऊन, एवढं सगळं बारीकसारीक सांगणारा माणूस दारापाशी आला की मुका व्हायचा. मुश्ताकने कांदा आणखी बारीक केला. मग नदीचं विचारलं.

तिथे जहूर खुलला. पात्र रुंद, पण मधे नुसती वाळू. सपाट बुडाच्या होड्या वाळूवर टेकलेल्या.

"म्हणजे ओहोटी," मुश्ताक म्हणाला. "भरती कधी यायची?"

"येत नाही."

मुश्ताकची सुरी थांबली. दोघंही दाभोळच्या खाडीवर वाढलेले. पाणी जातं आणि पाणी येतं, होडी टेकते आणि होडी उठते. समोर दुबईची खाडीही तेच करत होती. होडी टेकली आणि पाणी आलंच नाही, अशी नदी याने डोंगरीतल्या खाटेवर पडून पाहिली असणार.

"जहूर, तू मुंबईत होतास ना?" मुश्ताक त्याच्याकडे न बघता म्हणाला. "आत्ताच बोल. उद्या चाचा निघतायत, नंतर खलास."

जहूरने मासा उलटा केला, दुसरी बाजू घासायला घेतली.

"मलाही ती नदी खोटीच वाटली होती," तो म्हणाला. "सगळी महालात जायची. साहेब, मेमसाब, पोरं. मला म्हणायची, तू काठावर थांब, जेवणाच्या टोपल्या सांभाळ. आणि कुत्रा. कुत्र्याला आत सोडत नाहीत. रोज नवीन गाव, नवीन महाल, आणि मी आणि कुत्रा."

मुश्ताकने सुरी थाळीत ठेवली.

"पहिल्या दिवशी होड्या बघितल्या. म्हटलं, भरती आली की उठतील, तेवढी तरी गंमत बघू. टोपल्या उचलून दोन पायऱ्या वर ठेवल्या, भिजायला नकोत. संध्याकाळी साहेब विचारतो, टोपल्या वर कशाला? काय सांगणार त्याला? समुद्र तिथून कुठल्या कुठे, हे मला नंतर कळलं."

पाणी खालच्या पायरीला लागलं होतं. जहूरने मान न वळवता माशाचं पातेलं उचललं आणि एक पायरी वर ठेवलं. मुश्ताक त्या पातेल्याकडे बघत राहिला. मग त्यानेही कांद्याची थाळी उचलून त्याच्या शेजारी ठेवली.

"बिलकीसला महालाचंच कळू दे," जहूर म्हणाला. "कुत्र्याचं नको."

"चाचांना मी फक्त हो सांगतो," मुश्ताक म्हणाला. "कुत्र्याचं तिला तूच सांगायचं. तू सांगेपर्यंत माझ्या तोंडून निघणार नाही, शपथ. वल्ला."