खिशातले हात

माझ्या चित्रांबद्दल दादाला काय वाटायचं? काहीच नाही. तो विम्याचा एजंट; ज्यातून हप्ता येत नाही ते त्याला दिसतच नाही. वहिनी निदान "छान हं" म्हणायची, तेही कागद उलटा धरून. बिनलग्नाची, चाळिशी उलटलेली नणंद दिवसभर दुकानात लोकांचे कपडे उसवून बेतून देते आणि घरी येऊन माणसांची वाकडी तोंडं काढते, याला घरात 'तिचं ते' म्हणत. जणू मला खरूज झाली होती.

मग दादाने धंद्यासाठी कॉम्प्युटर, स्कॅनर आणि घरच्या फोनच्या वायरीवरून चालणारं इंटरनेट घेतलं. त्यावर मला 'रेघोट्या' सापडला, हौशी व्यंगचित्रकारांचा ग्रुप. खरी नावं कोणी सांगत नसे. नियम एकच: नुसती नावं ठेवायची नाहीत, जे चुकलं ते त्याच चित्रावर लाल रेघेने सुधारून दाखवायचं.

पहिलं चित्र टाकलं तेव्हा पाठ थोपटतील असं वाटलं होतं. सगळे ज्याला वचकून असत त्या 'कडू'ने लिहिलं, "कोट फर्मास. बाही काखेत जिथे ओढते ते बरोबर धरलंय. पण तुमच्या माणसाचे हात खिशात का? थंडी वाजते त्याला?"

रागाने मी जुनी चित्रं काढून बघितली. हात खिशात, पाठीमागे, पेपरामागे, टेबलाखाली. मला हात येतच नव्हते आणि इतकी वर्षं मी ते स्वतःपासूनही लपवले होते. कडूला अर्धं पान शिव्या घातल्या. त्याने पाऊण पान परत घातल्या आणि खाली लाल रेघेने एक पंजा काढून दिला. ग्रुपने माझं नाव ठेवलं 'खिसा'.

त्यानंतर मी दुकानातून झपाझपा घरी यायला लागले. घरात आजवर माझ्या चित्राला कोणी वाईटसुद्धा म्हटलं नव्हतं. वाईट म्हणायलाही आधी बघावं लागतं.

फोन अडतो म्हणून दादा धुसफुसायचाच. एकदा मी दुकानातून आले, तर तो बूट घालता घालता म्हणाला, "तुझ्या त्या टवाळांना सकाळीच कळवलंय. तुझ्याच खात्यावरून." आणि गेला गिऱ्हाइकाकडे.

त्याने लिहिलं होतं, 'मी या बाईचा थोरला भाऊ. हिचं वय झालं, अक्कल आली नाही. तिला डोक्यावर चढवू नका. आजपासून ती ग्रुप सोडत आहे.'

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता यांच्यासमोर तोंड कसं दाखवायचं? खाली उत्तरं होती. माझी कीव कोणीच केली नव्हती. कडूने लिहिलं होतं, "डोक्यावर? आम्ही? हिला?" आणि दादाचं चित्र काढलं होतं. मग बाकीच्यांनीही. एकाने पैलवान केला, एकाने सुतळीएवढा, एकाने भल्यामोठ्या मिशा दिल्या. एकही दादा नव्हता. मी भडकलेच. असा असतो होय दादा? मेल्यांनो, न बघता काढता?

तिथेच बसून मी काढला. खिसे उपयोगाचे नव्हते. दादाचे हात स्वतःच्या खिशात कधी जातच नाहीत. उजवा दुसऱ्यावर रोखलेला, डाव्यात फोनची वायर. दोन्ही उघडे. स्कॅन केलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या संध्याकाळी कडूचं उत्तर आलं. माझंच चित्र स्क्रीनवर वरून पट्टीपट्टीने उतरत होतं. टक्कल: लाल रेघ नाही. पोट: नाही. तेवढ्यात दादा आत आला.

"अजून चालूच? ऊठ. मी वायर काढतोय."

"हात उतरू दे, दादा."

"कुणाचे हात?"

उजवा उतरला, स्वच्छ. मग डावा. अंगठ्याभोवती लाल वर्तुळ आणि खाली कडूचं अक्षर: "अंगठा खोटा. बघून काढ, खिसा. वाट बघतोय."

दादाने डाव्या हाताने वायर पकडली. अंगठा मागे वाकला होता, नखाशी पांढरा पडला होता.

"असाच थांब," मी म्हणाले आणि पेन्सिल उचलली.

"काय?"

"हलू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा तो माझं ऐकून गोंधळून थांबला. मग कागदाकडे त्याचं लक्ष गेलं, तो लालबुंद झाला आणि त्याने वायर हिसडली. फोन मेला. दुकानासमोर नवीन सायबर कॅफे उघडला होता; सकाळी तिथून पाठवता येणार होतं. अंगठा काढून झाला होता.