पाळकसाहेबांच्या झोपेसाठी साखळी प्रार्थना

आमच्या चर्चमधल्या दामिनीच्या लग्नात आमच्या ह्यांनी उपासनेच्या पुस्तकाचं चुकीचं, दफनविधीचं पान उघडलं आणि वधूवरांसमोर हात वर करून "मातीला माती, राखेला राख" इथपर्यंत मजल मारली. नवरदेव टाय सैल करून माझ्याकडे बघायला लागला. मी पडले पाळकीणबाई, पहिल्या बाकावर बसून नुसती खोकत राहिले.

हे म्हणजे पाळक शेखर. अकोल्याच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अकरा वर्षं झाली, एक रजा घेतलेली नाही. देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला, यावर ह्यांचे चार संदेश, म्हणजे प्रवचनं, तयार आहेत आणि चारही पहाटे उठून लिहिलेले. डॉक्टरांनी बीपी बघून सांगितलं होतं, आधी झोप काढा, बाकीचं मग. ह्यांनी त्या डॉक्टरांसाठी प्रार्थना केली आणि घरी आले. लोक लग्नाचा किस्सा सांगून हसत होते, मीही हसत होते, पण मला धडकी भरली होती.

शेवटी नत्थुजींनी मनावर घेतलं. नत्थुजी आमच्या मंडळीतले सगळ्यात जुने पंच. दर रविवारी संदेश सुरू झाला की ते तिसऱ्या बाकावर झोपतात आणि त्यांना उठवायला हे आवाज चढवतात. अकरा वर्षांत आवाज मोर्णा नदीच्या पलीकडे जाईल एवढा चढला, नत्थुजी काही उठले नाहीत. त्यांनी पंचांची सभा घेतली, चार दिवस चिखलदरा ठरवलं आणि आम्हाला एसटीत बसवून दिलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं.

आमच्यात कोणाचं ऑपरेशन असलं की साखळी प्रार्थना लावतात. अर्धा तास एका घरानं गुडघे टेकायचे, त्यांचं संपलं की पुढच्या घरानं. नत्थुजींनी ह्यांच्या आरामासाठी साखळी लावली. आणि प्रत्येक घराला वाटलं, सुरू करण्याआधी पाळकसाहेबांना कळवलेलं बरं.

चिखलदऱ्याला पोचून शुक्रवारी दुपारी हे आडवे झाले आणि फोन वाजला. साखळीतलं पहिलं घर, आशाबाई होत्या.

"पाळकसाहेब, तुमी बिनधास्त झोपा. आमी तुमच्या झोपेसाठी प्रार्थना करून राहिलो."

ह्यांनी आभार मानले, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, गुडघ्यासाठी प्रार्थनाही केली. फोन ठेवला, डोळा लागतो न लागतो तोच पुढचं घर. त्यांच्या नातवाची परीक्षा होती, तिच्यासाठी प्रार्थना. मग तिसरं घर. शनिवारी संध्याकाळपर्यंत ह्यांचे डोळे तिखट गेल्यासारखे लाल झाले. मी नत्थुजींना फोन करून सांगितलं की ह्यांना झोप येत नाही. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी लगेच अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं केली.

मी पलंगावर बसून हसत सुटले आणि हसता हसता रडायलाच लागले. फोन बंद करा म्हणून हात जोडले.

"शकुन," हे म्हणाले, "मी झोपलो अन् कोणाले गरज लागली तं?"

"देव हाये ना तिथं. का त्याले बी तुमीच उठवता?"

ह्यांनी फोन उशाशी घेतला. बंद काही केला नाही.

रविवारी तिथल्या छोट्याशा चर्चमध्ये गेलो. उपासनेत फोन बंद ठेवायचा हा ह्यांचाच नियम, त्यामुळे नाइलाज झाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा हे रविवारी बाकावर बसले होते. संदेश सुरू झाला तसं ह्यांनी टिपणं काढायला पेन काढलं. तिसऱ्या वाक्याला पेन खाली पडलं, मान माझ्या खांद्यावर आली आणि घोरणं सुरू झालं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कोपर मारणार, तेवढ्यात समोरच्या पाळकांनी पाहिलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि आवाज खाली आणला. पुढचा सगळा संदेश त्यांनी कुजबुजत सांगितला. शेवटचं गीत लोकांनी ओठांतल्या ओठांत गायलं. मग एकेक जण चपला हातात घेऊन बाहेर गेला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पोटात हसू मावत नव्हतं, पण खांदा मी हलू दिला नाही.

पावणेदोनला हे जागे झाले. रिकाम्या बाकांकडे बघत घाबरून विचारलं, "शेवटचा आशीर्वाद झाला का?"

"झाला," मी म्हटलं.

फोन सुरू केला तर नत्थुजींचा एकच निरोप होता. अकोल्यातली उपासना छान झाली, कोणाचं काही अडलं नाही, आणि झोप लागली का?

पुढच्या रविवारी अकोल्यात हे संदेशाला उभे राहिले. तिसऱ्या बाकावर नत्थुजींची मान कलंडली आणि आम्ही सवयीनं कान सांभाळून बसलो. ह्यांनी ते पाहिलं. मग माइक थोडा लांब सारला आणि हळू आवाजात बोलायला लागले.