वायरमन गिरडला गेलाय

समुद्रपुरात मुकेश वायरमनएवढा गिरडचा भक्त दुसरा सापडणार नाही. निदान गावाचा तसा समज आहे. उन्हाळ्यात तर दर आठ-पंधरा दिवसांनी तो दर्ग्याची टेकडी चढतो म्हणे, आणि तिथे गेला की त्याचा फोन लागत नाही. खरं सांगायचं तर मुकेशने कित्येक वर्षांत ती टेकडी पाहिलेली नाही. ज्या दिवशी त्याला घरी राहायचं असतं, त्या दिवशी तो गिरडला जातो.

करणार काय बिचारा? बँकेला रविवार असतो, न्हाव्याचं दुकानही आठवड्यातून एक दिवस बंद असतं. वायरमनला सुट्टी असते हे मात्र कोणाच्या डोक्यातच येत नाही. एप्रिल लागला की चहाचा कप तोंडाला लावायच्या आत फोन सुरू होतात. कोणाचा कूलर आवाज करून राह्यला, कोणाचा पंखा फिरतच नाही. आणि मुकेश पडला भिडस्त. "आज जमणार नाही" हे त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. तो सगळ्यांनाच "आलोच" म्हणतो. म्हणून गिरडची ही युक्ती निघाली. फोन बंद, गाडी घरामागे ताडपत्रीखाली, आणि दाराशी कोणी आलं तर बायको नलूने सांगायचं, गिरडला गेलेत. त्यांची दुसरीतली लेक आचलसुद्धा हे वाक्य न अडखळता म्हणायला शिकली होती.

त्या रविवारची सुट्टी नलूने भांडून मिळवली होती. कारण होतं घरचा कूलर. गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या पत्र्याला करंट यायचा. अर्थिंगच नव्हतं. घरामागे खड्डा खणून, सळई रोवून, कोळसा-मीठ भरून, तार आत आणायची, एवढंच काम. सळई आणि कोळशाचं पोतं मागच्या भिंतीशी कधीचं येऊन पडलं होतं. पण मुकेशचा हात घरच्या कामाला लागायचा तेवढ्यात कोणाचा तरी फोन यायचा. मग घराने आपली सोय करून घेतली. कूलरजवळ एक निळी रबरी चप्पल ठेवली. ती पायात घालायची आणि मगच कूलरला हात लावायचा. पुढे कोणाला त्यात वावगं वाटेनासं झालं. आचल मामाकडे सिंदी मेघेला गेली, तर तिथेही कूलरजवळ चप्पल शोधत बसली. मामा हसला. नलूही हसली होती.

तर त्या रविवारी मुकेशने खरंच खणायला सब्बल हातात घेतली. कमरेएवढा नाही, पण गुडघाभर खड्डा झाला. घामाने निथळत तो आत आला आणि बनियनवरच कूलरसमोर बसला. आचल शेजारी खेळायला गेली होती. नलूला फार बरं वाटत होतं. नवरा भर दिवसा घरात बसलेला तिने लग्नानंतर किती वेळा पाहिला असेल, तिलाच आठवेना.

तेवढ्यात फाटक वाजलं. "मुकेश हाय का घरी?"

मुकेश उठला, दाराजवळची आपली चप्पल उचलली, घाईघाईत कूलरजवळची निळीही उचलली आणि आतल्या खोलीत जाऊन पडद्यामागे उभा राहिला. घरातल्या कर्त्या माणसाला असं लपताना पाहून नलूला एरवी हसू यायचं.

शकुंतलाबाई आल्या होत्या. पलीकडच्या गल्लीतल्या, एकट्या राहणाऱ्या. आदल्याच दिवशी मुकेश त्यांचा कूलर बसवून आला होता.

"गिरडले गेले ना काकू," नलू म्हणाली.

"या उन्हात? बाप्पा." त्यांनी चपला दाराशी काढल्या आणि हातातला डबा नलूपुढे केला. "काल जेवाले बसोलं होतं त्याले. फोन आला, तं ताटावरून उठून गेला. मले रात्रभर चैन नाई पडलं. आज गोळाभात केला, म्हटलं नेऊन द्यावा. जरा टेकू दे मले इथं."

नलूने डबा घेतला. तो अजून गरम होता. काम सांगायला आलेल्यांशी खोटं बोलायची तिला सवय होती, पण ही बाई काम घेऊन आलीच नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बोललेलं मागे कसं घ्यायचं?

शकुंतलाबाई पदराने वारा घेत कूलरकडे सरकल्या. झडपा वर होत्या, हवा डोक्यावरून जात होती. झडपा खाली करायला त्यांनी हात पुढे केला. खाली फरशीवर पाणी झिरपलेलं, पाय अनवाणी.

नलूला दिसत होतं. "हात लावू नका" एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्या विचारणार, काऊन? आणि काय सांगणार, वायरमनच्या घरच्या कूलरला करंट येतो? लाजेने तिची जीभ क्षणभर अडली. तेवढ्यात शकुंतलाबाईंचा हात पत्र्याला लागला.

त्या ओरडल्या आणि मागे भिंतीवर आदळल्या. पडद्यामागून मुकेश धावत आला, त्याने बटण बंद केलं. मग तो तिथेच थांबला. अंगात बनियन, कोपरापर्यंत माती, आणि काखेत चपलांचे दोन जोड.

नलूने त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. शकुंतलाबाईंनी तळहात चोळला, बोटं उघडून-मिटून पाहिली. आधी कूलरकडे पाहिलं, मग मुकेशकडे.

"लवकर आला रे गिरडहून," त्या म्हणाल्या.

मुकेशची मान खाली गेली.

"काल मले हात जोडून सांगत होता. काकू, अर्थिंगबिगर कूलरले हात लावाचा नाई, जीव जाते. स्वतः खड्डा खणून देला." त्या नलूकडे वळल्या. "तुया घरी कोन वायरमन येते वं?"

नलूला वाटलं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिने हळूच सांगितलं, "मले दिसलं होतं काकू, तुमी हात लावून राह्यले ते. सांगाची लाज वाटली."

शकुंतलाबाई रागावल्या की काय ते कळेना. मग त्यांनी खुर्ची उचलली आणि दारात नेऊन ठेवली. "जा, तो खड्डा पुरा कर," त्या मुकेशला म्हणाल्या. "झाल्याबिगर मी जात नाई."

घरामागे सब्बलीचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने फाटकापाशी गाडी थांबली. चक्कीवाला धीरज होता. "मुकेशभाऊ हाय का? फोन बंद येते."

नलूच्या तोंडात गिरड आलंच होतं. पण शकुंतलाबाईच आधी बोलल्या. "हाय ना घरी. घरचं काम करून राह्यला. आज नाई येत, उद्या येईल."

मागे सब्बल थांबली.

"बरं," धीरज म्हणाला. "उद्या सकाळी पाठवजा मंग." आणि तो गेला. ना चिडला, ना कुरकुरला.

नलू दारातच उभी राहिली. एवढंच सांगायचं होतं. एवढ्यासाठी दोघांनी लेकरालाही खोटं बोलायला लावलं होतं.

ऊन कलल्यावर काम झालं. मुकेशने कूलर चालू करून टेस्टर लावून पाहिला, पुन्हा पाहिला, शकुंतलाबाईंनाही दाखवला. मग त्या घरी गेल्या. गोळाभात गार झाला होता. दोघांनी तो एकमेकांकडे न बघता खाल्ला.

आचल खेळून आली, घामाघूम. सवयीने कूलरजवळ गेली आणि चप्पल शोधू लागली.

"आता नाई लागत बेटा चप्पल," मुकेश म्हणाला. "लाव हात."

आचलने हात मागे घेतला. बापाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"खरंच सांगून राह्यले का पप्पा? का गिरडवानी?"

मुकेश उठला, पायातली चप्पल काढली आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून त्याने आपला तळवा पत्र्यावर ठेवला. तिची खात्री पटेपर्यंत त्याने तो उचलला नाही.