ऐच्छिक कपात

पूर ओसरून आठवडा झाला, तरी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या कचेरीत चिखलाचा वास रेंगाळत होता. वसुंधरा तिथं सगळ्यांच्या पगाराचं काम बघायची. सकाळीच मॅनेजर पीयूषभाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बेन, प्रत्येकाचा एक दिवसाचा पगार सरकारच्या मदतनिधीत द्यायचाय. परवा शेठ चेक सुपूर्द करणार. शंभर टक्के कर्मचारी सहभागी, असं बॅनरही छापून आलंय. तो स्टोअरमधला क्षितिज तेवढा नाही म्हणतो. संध्याकाळपर्यंत पटवा त्याला."

तिनं क्षितिजला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. "अरे, एक दिवसाचा तर प्रश्न. आणि करात सूटही मिळते."

"ताई, माझ्या पगाराला करच बसत नाही. सूट कशातून घेऊ?" तो शांतपणे म्हणाला. "घरात कमरेएवढं पाणी होतं. गाद्यासुद्धा फेकून दिल्या. आई अजून घडियाळी पोळाच्या गल्लीत मावशीकडे आहे. तुम्ही ज्यांच्यासाठी गोळा करताय, त्यांतलाच मी."



संध्याकाळी पीयूषभाईंनी तिचं ऐकून घेतलं आणि मोबाइल खाली ठेवला. "मग विचारायचंच कशाला? कापून टाका. तक्रार कोण करणार?"

वसुंधराचा नवरा दिवाळीपासून घरी बसून होता. दांडिया बाजारातलं त्यांचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

"तुम्ही तसा मेल करा, साहेब. मग कापते."

"माझ्या शब्दावर भरोसा नाही?"

"तसं नाही. ऐच्छिक म्हणून कापायचं आणि त्याची इच्छा नाही. लेखी असल्याशिवाय मी हात लावणार नाही."

त्यांनी मोबाइल पुन्हा उचलला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाले. "जा."

मेल आला नाही. दुसऱ्या दिवशी क्षितिजचे पैसे कापले नाहीत ही बातमी कारखानाभर झाली आणि एकेक जण तिच्या टेबलाशी येऊ लागला. कुणाची दुचाकी पाण्यात गेली होती, कुणाचं दुकान. मान खाली घालून ते यादीतून नाव काढायला सांगत, आणि ती काढत गेली. दर वेळी केबिनच्या काचेकडे तिची नजर जाई.

चेक दिला गेला. कमी पडले तेवढे कंपनीनं घातले. टाळ्या वाजत असताना वसुंधरा मागच्या रांगेत बसली होती.

सोमवारी तिची बदली डिस्पॅचला झाली. कारण कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. घरी नवऱ्याला सगळं सांगताना तिचा स्वतःचा एक दिवसाचा पगार कापला गेल्याचंही निघालं.

"एवढं झाल्यावर तू तरी कशाला दिलेस?"

"मला द्यायचे होते."

त्यावर तो हळूच म्हणाला, "पगार तोच राहील ना?"

"तोच आहे," ती म्हणाली. "फक्त सुटायची वेळ उशिराची झालीय."