हिरव्या रुमालवाली

"या कादंबरीला चारशे पानं आहेत आणि त्यातली तीनशे पानं नायक खिडकीपाशी उभा आहे," एलिदा माइकमध्ये म्हणाली. "खिडकीबाहेर काय आहे ते विचारू नका. लेखकानं मलाही सांगितलेलं नाही."

समोर बसलेल्या निवेदक विल्मारनं हसू दाबत येर्बाच्या, म्हणजे कडवट हिरव्या चहाच्या, तुंब्यात गरम पाणी ओतलं. "आणि ती दुसरी, चित्रांची?"

"ती बरी आहे. पण चित्रकाराला हात काढता येत नाहीत. सगळी पात्रं खिशात हात घालून हिंडतात. लग्नातला नवरासुद्धा. आता अंगठी कशी घातली, ते त्याचं त्यालाच ठाऊक."

साल्तोच्या त्या लहानशा रेडिओ केंद्रावर दर शनिवारी सकाळी अर्धा तास एलिदा बेंतांकोर नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांबद्दल बोलायची. अकरा वाजेपर्यंत तिची वाक्यं खाटकाच्या दुकानातल्या रांगेत पोचलेली असायची. शिक्षणानं ती कोणी मोठी नव्हती. संत्री भरून पाठवणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत तेहतीस वर्षं कारकून. हंगाम संपला की कचेरीत माशा मारायची वेळ यायची, त्या महिन्यांत ती वाचत गेली, आणि मग तो नादच लागला. लग्न राहून गेलं. आईवडील गेले. ग्रंथालयात लोक विचारायचे, "एलिदाबाई याला काय म्हणाल्या?"

गाणं सुरू झाल्यावर विल्मारनं एक जाडसर पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "पुढच्या शनिवारी हे घ्या, बाई. नवी चित्रकादंबरी आहे. नादिया पिरोत्तो म्हणून मुलगी आहे, मॉन्टेव्हिडिओला असते, पण जन्म इथला. जरा हळू मारा."

"पुस्तक चांगलं असेल तर हात कशाला उचलीन मी?" एलिदा म्हणाली आणि ते पिशवीत टाकलं.

रविवारी दुपारी जेवण आटोपून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाचायला बसली. पहिल्या चार पानांत एकही शब्द नव्हता. नुसती संत्री. पट्ट्यावरून घरंगळत येणारी, फिरत्या रुळांखालून धुऊन निघणारी. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. या मुलीला हात काढता येतात, एलिदाच्या मनात आलं. पेन्सिल घेऊन तिनं समासात तसं टिपूनही ठेवलं.

नवव्या पानावर त्या बायकांतल्या एकीला दुसरीनं हाक मारली, "ओफेलिया."

एलिदाची पेन्सिल थांबली.

ओफेलियाच्या शेजारी हिरव्या रुमालाची एक मुलगी उभी होती. रुमालावर पांढरे ठिपके, आणि गाठ मागे न बांधता कानावर बांधलेली. गाठ कानावर बांधणारी त्या कारखान्यात एकच होती. एलिदानं नकळत हात कानाकडे नेला.

मग ती भराभर पानं उलटत गेली. काम लवकर व्हावं म्हणून मुकादमानं रुळांवरची लोखंडी जाळी काढून ठेवायला लावली होती, ते होतं. रुळांत अडकलेला पाला काढायला ओफेलियानं उजवा हात घातला, ते होतं. पुढचं अख्खं पान नारिंगी होतं आणि त्यावर एवढंच लिहिलं होतं: पट्टा थांबवायला कोणीतरी धावलं. धावली होती ती एलिदा, तेव्हा त्याच पट्ट्यावर काम करणारी. बटण दाबेपर्यंत ओफेलियाचा पंजा गेला होता.

सत्तेचाळिसाव्या पानावर मुकादम हिरव्या रुमालवालीपुढे एक कागद धरून उभा होता. जाळी जागेवर होती, ओफेलियानं ती स्वतःच्या हातानं काढली, असा जबाब त्यात होता. मुलगी गोंधळून कागदाकडे बघत होती. कागदावर अक्षरांच्या जागी चित्रकर्तीनं नुसत्या आडव्या रेघा काढल्या होत्या. खाली ओफेलियाच्या तोंडी वाक्य होतं: "तिला बिचारीला वाचता येत नव्हतं. कशावर सही करतोय, ते तिला कळलंच नाही."

एलिदानं ते वाक्य वाचलं. परत वाचलं.

तिला वाचता येत नव्हतं? जेवणाच्या सुट्टीत दोघी मिळून कादंबऱ्या वाचायच्या. एक पुस्तक दोघींना एकदम वाचता यावं म्हणून ते मधोमध फाडायच्या. पुढचं अर्धं ओफेलियाकडे, मागचं एलिदाकडे, आणि शेवट आधी वाचून झाल्यामुळे एलिदा दिवसभर गालातल्या गालात हसत राहायची. आणि इथे चिंचेच्या पानाएवढ्या लहान चौकटीत ओफेलिया हिरव्या रुमालवालीला पुस्तक वाचून दाखवत होती.

तो जबाब एलिदानं वाचला होता. मुकादमासमोर उभं राहून दोनदा वाचला होता. वडील तेव्हा बसून होते, आईला आठवड्यातून तीनदा इस्पितळात न्यावं लागत होतं, आणि मुकादम म्हणाला होता, "कचेरीत एक जागा आहे. तुझं अक्षर चांगलं आहे म्हणतात." जबाबात एका शब्दातलं एक अक्षर चुकलं होतं. एलिदानं ते खोडून नीट केलं आणि मग खाली सही केली. ओफेलियाला कारखान्यानं घरी बसवलं. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, मुलगी झाली आणि मग ती मॉन्टेव्हिडिओला गेली. एलिदा तिला भेटायला एकदाही गेली नाही.

सोमवार ते शुक्रवार ती कचेरीत गेली, कागद टंकत राहिली. कोणाला काही कळणार नव्हतं. त्या वेळच्या बायका कुठच्या कुठे पांगल्या होत्या, मुकादम मरून गेला होता. शनिवारी दोन बरी वाक्यं बोलली असती तर काम भागलं असतं. गुरुवारी तिनं विल्मारला फोनही केला, घसा बसलाय म्हणून सांगायला. त्यानं उचलल्यावर मात्र तिनं विचारलं, "शनिवारी दहालाच ना रे?"

"दहालाच, बाई. इतकी वर्षं दहालाच आहे."

शनिवारी विल्मारनं मोठ्या उत्साहानं सुरुवात केली. "आज आपल्या गावच्या मुलीचं पुस्तक. बोला एलिदाबाई, वाचवलंत की फाडलंत?"

"पुस्तकात एक चूक आहे," एलिदा म्हणाली. "सत्तेचाळिसाव्या पानावर."

"छपाईची?"

"नाही. त्या पानावर एक मुलगी खोट्या जबाबावर सही करते. पुस्तक म्हणतं, तिला वाचता येत नव्हतं. तिला वाचता येत होतं. तिनं तो कागद दोनदा वाचला, त्यातलं चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं आणि मग सही केली. जाळी काढायला मुकादमानं लावलं होतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती मुलगी मी आहे."

विल्मारच्या हातातला तुंबा कलंडला. हिरवट पाणी टेबलावरच्या कागदांखाली पसरत गेलं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. मग त्यानं हात लांब करून हाताला लागेल ते गाणं लावलं.

"बाई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "हे तुम्ही काय केलंत? सोमवारी कामावर जायचंय तुम्हाला."

"जाईन की. घेतलं आत तर बसेन."

बाहेरच्या खोलीतला फोन वाजायला लागला. विल्मार जाऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. "तुमच्यासाठी आहे. नाव सांगत नाहीत."

एलिदानं पुस्तक काखेत धरलं आणि बाहेर जाऊन फोन कानाला लावला.

"अजून तशीच बोलतेस," पलीकडून आवाज आला. "शाळामास्तरणीसारखी."

एलिदाला तो आवाज ओळखायला क्षणही लागला नाही. ती तिथल्याच बाकावर बसली. "ओफेलिया."

"नादियानं तिच्या संगणकावर लावून दिलं होतं. मला वाटलं, चित्रांबद्दल बोलशील."

"तुला ठाऊक होतं," एलिदा म्हणाली. "मी ते वाचलं होतं, हे तुला ठाऊक होतं."

"तुला वाचता येतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार गं? शेवट तूच आधी वाचायचीस."

"मग पोरीला तसं का सांगितलंस?"

"आठ वर्षांची होती. हात कुठे गेला विचारलं, सांगितलं. तुझी मैत्रीण खोटं का बोलली विचारलं, तेव्हा मला काही सुचेना. म्हटलं, तिला वाचता येत नव्हतं. पोरीचं समाधान झालं. मग पुढेपुढे माझंही व्हायला लागलं. एक अडाणी मैत्रीण होती माझी, तिला फसवलं लोकांनी. असं म्हटलं की झोप लागायची." आवाज कोरडा झाला. "आज तू तेही काढून घेतलंस."

एलिदाला हे आठवडाभरात एकदाही सुचलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आपण काहीतरी परत करायला निघालोय. क्षमा माग, असं मनात आलं, पण तो शब्द या फोनवर फारच तोकडा वाटला.

"मी फोन ठेवू का?" अखेर तिनं विचारलं.

"ठेव म्हटलं का मी?" ओफेलिया म्हणाली. मग पलीकडे कोणाशी तरी ती काही बोलली, दार लोटल्याचा आवाज आला. "पोरगी रडून आलीय आत्ता. चार वर्षं लागली तिला हे काढायला. सत्तेचाळीस नंबरचं पान पुन्हा काढीन म्हणते. ते तिचं ती बघेल. पण बाकीचं पुस्तक कसं आहे ते तू कुठे सांगितलंस? सकाळपासून कान लावून बसली होती त्यासाठी."

"आता सांगू?"

"थांब. माझं पुस्तक घेते. फोन खांद्यात धरावा लागतो मला."

एलिदानं पुस्तक मांडीवर उघडलं. आत गाणं संपत आलं होतं आणि विल्मार काचेतून तिच्याकडे बघत होता. त्याला तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"पहिल्या पानावर संत्री आहेत," ती म्हणाली. "शब्द एकही नाही. तेच बरं केलंय तिनं. दुसऱ्यावर ती रुळांखाली जातात. त्यांच्यावरचं पाणी बघ, कसं उतरवलंय. उलट पान."

मग ती थांबून राहिली. पलीकडे पान उलटायला थोडा वेळ लागत होता.